एगरला जायचं तर तीन रात्री काढा

हंगेरीची राजधानी बुडापेस्टहून एगर एका दिवसात होतं, असं तुम्हाला जो तो सांगेल. तिकडे राहणाऱ्या आमच्या पोरीनेही तेच सांगितलं. सकाळच्या गाडीने जा, किल्ला बघा, मिनार बघा, जेवा, संध्याकाळच्या गाडीने परत या. मी चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो, त्यातली निम्म्याहून जास्त नागपूरच्या मोतीबागच्या नॅरोगेजवर, म्हणजे छोट्या रुळांच्या गाडीवर. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला गाव किती दिसतं ते मला विचारा. इतवारी ते नागभीड शेकडो फेऱ्या मारल्या, पण नागभीडचा बाजार कुठे भरतो हे मला निवृत्त होईस्तोवर ठाऊक नव्हतं. म्हणून एगरला आम्ही दोघांनी तीन रात्री काढल्या. नागपूरहून कुणी जाणार असेल तर त्यानेही तेच करावं, आणि आमच्या चुका पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

एगर हंगेरीच्या ईशान्येला, ब्युक्क डोंगरांच्या पायथ्याशी आहे. बुडापेस्टपासून साधारण १३० किलोमीटर. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या उमरेडएवढं गाव. पण उमरेडएवढ्या गावात एक किल्ला, एक तुर्की मिनार, एक भलंमोठं चर्च, गरम पाण्याचे झरे आणि दारूच्या तळघरांची आख्खी दरी.

निघण्याआधी

हंगेरी शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत येतं, त्यामुळे व्हिसा शेंगेनचा. प्रौढ माणसाला ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू आणि दोन पानं कोरी असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मी म्हणेन दोन महिने आधी करून मोकळे व्हा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला गेलो. आमच्या ओळखीच्या एका एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "मुलगी तिथे आहे न भाऊ, तिचं पत्र पुरे." पुरलं नाही. एगरचे तीन दिवस आम्ही मुलीकडे राहणार नव्हतो, तर त्या तीन रात्रींचं बुकिंग कुठे आहे, असं खिडकीवर विचारलं. फोनवर तिथल्या तिथे खोली ठरवून कागद काढून आणावा लागला. प्रत्येक रात्रीचा हिशेब कागदावर दाखवा.

आम्ही गेलो तेव्हा नागपूरहून दोह्याला थेट विमान होतं आणि दोह्याहून बुडापेस्टला. मुंबई-दिल्लीची धावपळ वाचते, तेव्हा आधी ते चालू आहे का बघा.

आता सामान. नागपूरचा माणूस परदेशी निघाला की संत्रा बर्फी घेतोच. घेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि आपली बर्फी खव्याची. संत्री न्यायचीही सोय नाही. फळांत केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच कागदपत्रांशिवाय सूट आहे. आमच्या दोन किलो बर्फीचं वाटप शेवटी शेजारीपाजारी झालं. जवसाची चटणी आणि भाजलेले पोहे मात्र सुखरूप पोचले आणि फार कामी आले.

मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन गोल काड्यांची पिन तिथे चालते, जाड तीन काड्यांची नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो. सकाळी आपल्या डिसेंबरसारखा गारठा, दुपारी अंगातला स्वेटर हातात. याच महिन्यात द्राक्षांची तोडणी चालते. माझ्या मते जायचा काळ हाच, नाहीतर मे.

चलन युरो नाही, फोरिंट आहे. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी थोडी रोख आणि विशेषतः नाणी खिशात ठेवा, कारण संडासालाही बरेचदा पैसे पडतात. दारावर एफ अक्षराने सुरू होणारा शब्द असेल तर ते पुरुषांचं, एन असेल तर बायकांचं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. का, ते विचारू नका.

केलेतीहून गाडी

एगरची गाडी बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून सुटते. केलेती म्हणजे 'पूर्वेचं'. गाडीला वेळ असला तर बाहेर येऊन इमारतीच्या दर्शनी भागाकडे मान वर करून बघा. १८८४ सालची इमारत, आणि तिच्यावर राजाचे नाहीत, देवाचे नाहीत, जेम्स वॅट आणि जॉर्ज स्टीफन्सनचे पुतळे. वाफेवाल्याला आणि इंजिनवाल्याला एवढा मान मी दुसरीकडे पाहिला नाही. मी तिथे दोन मिनिटं उभा राहिलो, तर आमच्या सौ. म्हणाल्या, "हात जोडा आता."

आणखी एक गोष्ट रेल्वेवाल्यांसाठी. वरची तार आपल्यासारखीच, २५ हजार व्होल्ट, ५० सायकलची. कारखान्यांना आणि घरांना जी वीज पुरवतात, त्याच ५० सायकलच्या विजेवर आगगाडी चालवायची, हे डोकं कालमान कांदो या हंगेरियन इंजिनिअरचं. १९३० च्या दशकात त्याच्याच पद्धतीने बुडापेस्टहून ऑस्ट्रियाच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या मार्गावर गाड्या धावू लागल्या. नागपूर स्टेशनवर आज जी तार बघता, तिची चुलतआजी तिकडची.

एगरला थेट गाड्या आहेत, नाहीतर फ्यूझेशाबोन्य जंक्शनला बदलायची. दोन तासांच्या आसपास लागतात. फ्यूझेशाबोन्यहून एगर फक्त १७ किलोमीटरचा फाटा. बदलायची असेल तर उतरल्या उतरल्या धावू नका, पण रेंगाळूही नका. घोषणा हंगेरियनमध्ये होते आणि फलाट बुटके असल्यामुळे गाडीतून उतरताना खाली बघून उतरावं लागतं. सामान हलकं ठेवा. तिकीट तपासणाऱ्याला 'कलाऊझ' म्हणतात. त्याला नुसतं "एगर?" म्हणून बोट दाखवा, तो बरोबर गाडी दाखवतो. बस हवी असेल तर तीही आहे, आणि एगरचा बसस्टँड मोठ्या चर्चच्या पाठीमागे, गावाच्या जास्त जवळ आहे. रेल्वे स्टेशनवरून मुख्य चौकात चालत वीस मिनिटं. मी बसची शिफारस करणार नाही, त्याला माझी नोकरी कारण.

भाषेचं फार टेन्शन घेऊ नका, दोन किल्ल्या पुरतात. एस या अक्षराचा उच्चार 'श', आणि एस-झेड जोडून आले की 'स'. म्हणून ते स्वतः बुडापेस्टला 'बुदापेश्त' म्हणतात. दुसरं, माणसाचं आडनाव आधी, नाव नंतर, आपल्या शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. एगरच्या वीराचं नाव दोबो इश्तवान, त्यात दोबो हे आडनाव. दुकानात शिरताना "यो नापोत" म्हणा, म्हणजे नमस्कार, निघताना "क्योस्योन्योम", म्हणजे धन्यवाद. दुसरा शब्द आमच्या सौ.ना तिसऱ्या दिवशी जमला, आणि पावभाजीच्या गाडीवर म्हणावं तसा ठसक्यात जमला.

राहायला मुख्य चौकापासून, म्हणजे दोबो चौकापासून चालत दहा मिनिटांत खोली बघा. घरगुती खोल्या पुष्कळ आहेत. माणशी, रात्रीगणिक थोडा पर्यटन कर वेगळा घेतात, तो बऱ्याचदा रोख मागतात.

सोमवारी पोचू नका

ही आमची मोठी चूक. आम्ही सोमवारी उतरलो. हंगेरीत बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. 'झार्वा' म्हणजे बंद, 'न्यित्वा' म्हणजे उघडं. त्या दिवशी आम्ही झार्वा हा शब्द इतक्या दारांवर वाचला की पाठ झाला. किल्ल्याच्या आवारात फिरलो, आतलं सगळं कुलपात. शिवाय १५ मार्च, २० ऑगस्ट, २३ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या सुट्ट्यांचे दिवसही बघून ठेवा. मंगळवार ते शुक्रवार सगळ्यांत चांगले, शनिवार-रविवारी बुडापेस्टची माणसं येतात.

किल्ल्याला अर्धा दिवस द्या, आणि आधी त्याची गोष्ट वाचून जा, नाहीतर भिंतीच दिसतील. १५५२ च्या उन्हाळ्यात तुर्की फौजेने तेमेश्वारचा किल्ला घेतला, मग सोल्नोकचा घेतला, आणि सप्टेंबरात एगरला वेढा घातला. आत बायका-पोरं, शेतकरी धरून दोन हजारांच्या आसपास माणसं. बाहेरचे किती, यावर एकमत नाही, पण ३५-४० हजार हा आकडा बऱ्याच ठिकाणी येतो. किल्लेदार दोबो इश्तवान. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आतल्या दारूगोळ्याच्या कोठारालाच आग लागून स्फोट झाला, तरी माणसं हटली नाहीत. बायकांनी तटावरून उकळतं पाणी आणि डांबर ओतलं. बोर्नेमिस्सा गेर्गेय नावाच्या माणसाने चाकांत आणि पिंपांत दारू, गंधक, चरबी भरून ती उतारावरून गडगडत सोडली. ३९ दिवसांनी तुर्क परत गेले.

आपल्याकडे ही गोष्ट इथेच संपवली असती. तिथल्या मार्गदर्शकाने पुढचंही सांगितलं, ते मला आवडलं. ४४ वर्षांनी, १५९६ साली, तुर्क पुन्हा आले. तेव्हा आत बहुतांश भाडोत्री परदेशी शिपाई होते. त्यांनी किल्ला देऊन टाकला, आणि एगर १६८७ पर्यंत तुर्कांकडे राहिलं. खुद्द दोबोवर म्हातारपणी राजद्रोहाचा आळ आला, तुरुंगात काढावं लागलं. आणि किल्ल्याचा अर्धा भाग नंतर तुर्कांनी नाही, ऑस्ट्रियनांनी सुरुंग लावून उडवला, १७०० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, पुढे कुणी बंड करायला वापरू नये म्हणून.

तटाखालच्या भुयारांत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. त्यांना काझामाता म्हणतात. तिथे घोंगडं पांघरावं अशी थंडी असते, स्वेटर न्या. त्यांनी एक युक्ती दाखवली. शत्रू जमिनीखालून सुरुंग खणतोय का हे कळायला नगाऱ्यावर वाटाणे ठेवायचे, ते थरथरले की समजायचं. आमच्याकडे जुने गँगमन रुळाला कान लावायचे, त्यातलाच प्रकार. आपला सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीन दिवस उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एगरच्या किल्ल्यावर मात्र शाळेच्या पोरांची रांग लागलेली, प्रत्येकाच्या हातात लाकडी तलवार.

बाहेर पडताना पूर्वेकडच्या तटावरून खाली नक्की वाका. रेल्वे लाइन किल्ल्यातूनच जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडचा फाटा टाकताना बाहेरचा कोट आतल्या किल्ल्यापासून कापून काढला. पुरातत्त्वाची माणसं हळहळतात. मला ती चूक कळते, पण खालून रेलगाडी गेली तेव्हा मी हात हलवलाच.

मिनार, लिसेउम आणि बाकीचं

मिनार ४० मीटर उंच आहे, आतून ९७ पायऱ्या. युरोपात तुर्कांनी बांधलेल्या आणि आजवर टिकलेल्या मिनारांत सगळ्यांत उत्तरेकडचा हाच. त्याच्या पायथ्याची मशीद १८४१ साली पाडली. तुर्क गेल्यावर मिनारही पाडायला चारशे बैल जुंपले, पण तो हलला नाही, अशी दंतकथा सांगतात. जिना एवढा अरुंद आहे की वरचा उतरल्याशिवाय खालच्याने चढू नये. सिग्नल कुणी देत नाही, आपणच ओरडून विचारायचं. गुडघे दुखत असतील, छाती रुंद असेल किंवा अंधारात जीव घाबरत असेल तर खालूनच बघा, खालूनही तो सुरेख दिसतो. आमच्या सौ. खाली बाकावर बसल्या. मी चढलो, आणि वरच्या अरुंद सज्जात भिंतीला पाठ लावून मिनिटभर डोळे मिटून उभा होतो. दृश्य त्यानंतर पाहिलं.

मिनार सुटला तरी चालेल, पण लिसेउम सोडू नका. एस्तेरहाझी कारोय या बिशपला इथे विद्यापीठ काढायचं होतं. १७६५ ते १७८५ अशी वीस वर्षं खपून इमारत उभी केली, पण व्हिएन्नाच्या दरबाराने परवानगी दिली नाही. आज तिथे त्याच्याच नावाचं विद्यापीठ आहे. पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथालयाचं छत रंगवलेलं आहे. खाली उभं राहून बघितलं तर वर खांब आणि कमानी आहेत असं वाटतं, पण सगळं सपाट. मग मनोरा चढायचा. मध्ये वेधशाळेची खोली लागते. तिथे जमिनीत एक रेषा बसवली आहे. भिंतीतल्या भोकातून येणारा उन्हाचा ठिपका त्या रेषेवर आला की एगरचे खरे बारा वाजले. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडाजवळ वाढलेल्या आणि जन्मभर वेळापत्रकावर जगलेल्या माणसाला ही रेषा सोडवेना. (बुडापेस्टलाही शून्याचा दगड आहे, साखळी पुलाच्या बुदा टोकाला, चक्क शून्याच्या आकाराचा. फोटो काढून आणा.)

सगळ्यांत वर अंधारी खोली, १७७६ सालची. मध्ये पांढरं गोल टेबल. छतावर आरसा आणि भिंग. बाई दांडा फिरवते आणि टेबलावर आख्खं गाव उतरतं, फोटो नव्हे, जिवंत. मोटारी सरकतात, कबुतरं उडतात, चौकात एक म्हातारा काठी टेकत जातो. वीज नाही, काही नाही. बाईने कागदाचा तुकडा टेबलावर धरून तो म्हातारा अलगद वर उचलला, तेव्हा आमच्या सौ. लहान पोरीसारख्या हसल्या. ढगाळ दिवशी हे फिकं पडतं, म्हणून ऊन असलेली सकाळ याच्यासाठी राखून ठेवा. पायऱ्या खूप आहेत, पण मध्ये मध्ये दालनं असल्यामुळे दम खात चढता येतं.

समोरच मोठं चर्च, हिल्द योझेफने १८३१ ते १८३७ मध्ये बांधलेलं. देशातल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी. आत जाऊन या. उन्हाळ्यात ऑर्गन वाजवतात, तो मिळाला तर अर्धा तास बसा.

तुर्की हमामखाना सतराव्या शतकातला, अजून चालू. संध्याकाळी, पाय दुखत असताना जा. पोहण्याचे कपडे लागतात, सुती सलवार-कुर्त्यात पाण्यात उतरू देत नाहीत. सौ.नी निघण्याआधी सीताबर्डीच्या बाजारातून पूर्ण बाह्यांचा पोशाख घेतला होता, तो चालला.

सुंदर बाईची दरी

सेपअस्सोन्य-व्योल्द्य, म्हणजे 'सुंदर बाईची दरी'. हे नाव ऐकून घरी कुणी भुवया उंचावल्या तर सांगा की तिथे फक्त तळघरं आहेत. चौकातून पंचवीस मिनिटं चालत. मऊ ज्वालामुखी दगडात खणलेल्या कोठ्या ओळीने, प्रत्येकीला नंबर, दाराशी टेबलं. आत वर्षभर एकसारखा गारवा. इथली प्रसिद्ध लाल दारू म्हणजे 'एग्री बिकावेर', एगरचं बैलरक्त. वेढ्याच्या वेळी शिपायांच्या दाढ्या दारूने लाल झाल्या आणि तुर्कांना वाटलं हे बैलाचं रक्त पितात, अशी गोष्ट प्रत्येक कोठीवाला सांगतो. जाणकारांचं म्हणणं, त्या काळी एगरला पांढरीच दारू व्हायची, लाल द्राक्षं नंतर दक्षिणेकडून आली. गोष्ट ऐकून घ्या, वाद घालू नका. बिकावेर एका द्राक्षाची नसते, अनेक लाल द्राक्षांचं मिश्रण असतं, त्यात केकफ्रांकोश मुख्य.

शहाणपणा असा की एक-दोन कोठ्याच करा आणि लहान पेला मागा. गाडी चालवणार असाल तर थेंबही नको. तिथे चालकाला दारूची मर्यादा शून्य आहे, 'एक पेग चालतो' हा प्रकार नाही. न पिणाऱ्यांसाठी सप्टेंबरात ताज्या द्राक्षांचा रस मिळतो, 'मुश्त' म्हणतात. सौ.नी तो दोन पेले प्यायला, आणि तो थोडा आंबायला लागलेलाही असू शकतो हे मी त्यांना परतीच्या वाटेवर सांगितलं.

डोंगरातली छोटी गाडी

एवढं सगळं मी ज्याच्यासाठी लिहितो आहे ते आता. एगरहून सिल्वाश्वारद हे गाव साधारण ३० किलोमीटर, उत्तरेला. किल्ल्याला कापून गेलेली तीच लाइन. दिवसाला गाड्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. चुकली तर बस असते. किल्ल्यापाशी छोटा थांबा आहे, तिथूनही चढता येतं. एकच डबा, डिझेलचा. डावी-उजवी झाडं खिडकीला घासतात. वाटेत बेलापात्फाल्वा लागतं, तिथे १२३२ साली सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांनी स्थापलेला मठ उघड्या डोंगरकड्याखाली एकटा उभा आहे. सिल्वाश्वारद-सलायकाव्योल्द्य या थांब्यावर उतरायचं, गावाच्या मुख्य स्टेशनवर नाही.

सलायका म्हणजे दरी, झरा आणि दाट बीचचं रान. ब्युक्क या शब्दाचा अर्थच बीचचं झाड. सलायका हे नाव पोटॅशवरून आलं. पूर्वी काच बनवायला इथे लाकडाच्या राखेतून पोटॅश काढत. रानातल्या लाकडासाठी टाकलेली छोटी रेल्वे आता माणसं नेते, साधारण चार किलोमीटर वर. रुळांतलं अंतर ७६० मिलिमीटर. आपली नागपूर-नागभीड नॅरोगेज ७६२ मिलिमीटर होती. दोन मिलिमीटरचा फरक! आमच्या गाड्या २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाल्या, ब्रॉडगेज करायला. नंतर मी मोतीबागच्या संग्रहालयात उभ्या केलेल्या इंजिनांनाच भेटायला जायचो. इथे तशीच छोटी गाडी चालत होती, धूर टाकत, वळणावर किंचाळत.

ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं. मी त्याला मोबाइलवर मोतीबाग शेडमधल्या आमच्या झेडडीएम या नॅरोगेज डिझेल इंजिनाचा फोटो दाखवला आणि छातीवर हात ठेवला. त्याने फोटो मोठा करून बफर पाहिले, चाकं पाहिली, मग बोटांनी माझ्या फोनवर ७६० लिहिलं. मी खाली ७६२ लिहिलं. त्याने मान हलवली आणि मला पहिल्या डब्यात, इंजिनाला लागून बसायची खूण केली. तेवढाच आमचा संवाद.

गाडीने वर जा, पायी खाली या, हाच क्रम ठेवा. वरच्या थांब्याजवळ फात्योल धबधबा, 'फात्योल' म्हणजे ओढणी. उंचावरून कोसळत नाही, पायरी-पायरीने पसरत उतरतो. खाली येताना ट्राउट माशांची तळी लागतात, स्वच्छ पाण्यात मासे एकाच दिशेला तोंड करून उभे. खाणाऱ्यांनी तिथला भाजलेला ट्राउट नक्की खावा. गाडी हिवाळ्यात चालेलच असं नाही, तेव्हा वसंत ते शरद एवढाच काळ धरा. जॅकेट विसरू नका, दरीत ऊन उशिरा उतरतं.

गावात लिपिझानेर जातीच्या घोड्यांचा सरकारी तबेला आहे. पिल्लं काळीभोर जन्मतात आणि मोठी होता होता पांढरी होतात.

आणखी एक दिवस असेल तर एगरसलोक किंवा मेझोक्योवेश्द. एगरसलोकला १९६१ साली तेल शोधायला खड्डा मारला, तर ६५ अंशांहून गरम पाणी लागलं. त्या पाण्यातल्या खनिजांनी पांढऱ्या पायऱ्यांची टेकडी बनली. तिला मिठाची टेकडी म्हणतात, पण ते मीठ नाही, चुनखडी आहे. मेझोक्योवेश्द मात्यो भरतकामाचं गाव, २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत. काळ्या कापडावर लाल गुलाब. मोठा टेबलक्लॉथ महाग, लहान रुमाल परवडतो. मुख्य लाइनवर असल्याने फ्यूझेशाबोन्यहून गाडीने जाता येतं.

शाकाहारी माणसाने काय खावं

आमच्या सौ. शुद्ध शाकाहारी, मी सावजीचा भक्त. दोघांचंही पोट भरलं, पण सौ.ना मेहनत पडली. एक वाक्य पाठ करा: "नेम एसेम हूश्त", मी मांस खात नाही. पण तेवढ्याने भागत नाही. शोन्का म्हणजे डुकराचं हॅम, सलोन्ना म्हणजे खारवलेली चरबी, कोल्बास म्हणजे सॉसेज. हे तिघे त्यांच्या लेखी मांसात मोजले जातीलच असं नाही. राजम्याच्या सुपात, भाजीत, पोगाचा नावाच्या खाऱ्या पावात कुठेही निघतात. 'तेपेर्त्योश' लिहिलेला पोगाचा तर चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांचाच.

बिनधास्त घ्यावं असं म्हणजे लांगोश, आपल्या भटुऱ्याचा थोरला भाऊ, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. मग रांतोत शायत, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चीज. फ्योझेलेक ही भाज्यांची दाटसर पातळभाजी, घरच्या जेवणाच्या सगळ्यांत जवळची. दुधी-पालकाचीसुद्धा मिळते, वर अंडं किंवा मांस नको असं सांगावं लागतं. आंबट चेरीचं थंड सूप सौ.ना पन्ह्यासारखं वाटलं. खोलीत मात्र रात्री जवसाची चटणी आणि पाव.

मी गुलाश खाल्ला. लाल तवंग बघून मला आपल्या तर्रीची आठवण झाली आणि मी सवयीने आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. गरज पडली नाही. सौ.नी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "एवढं लाल आहे न जी, मंग तिखट काहून नाही?" त्यांची पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, बहुतांश गोडी असते. 'एदेश' म्हणजे गोड, 'एर्योश' किंवा 'चीप्योश' म्हणजे तिखट, हे पाकिटावर बघून घ्या. टेबलावर तिखटाची चटणी मागितली तर बरणी आणून देतात.

परतताना बाजारातून एदेश पाप्रिका अर्धा किलो आणली, सुटी नाही, सीलबंद. घरी आल्यावर सावजी रश्श्यात घातली. रंग असा आला की शेजारचे वाटी घेऊन आले. तिखटासाठी मात्र नंतर मूठभर भिवापुरी मिरची घालावी लागली, ती मी नोकरीत असताना भिवापूर स्टेशनवरच पोत्याने घेत असे.